व्हेस टॉलिव्हरचा पुकारा

अल्वेस्टर टॉलिव्हरला, आमच्या व्हेसला, मी ओळखत होतो असं म्हणायला मला संकोच वाटतो. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात मी सेंटर होतो आणि तो क्वार्टरबॅक. म्हणजे डाव सुरू होताना मी चेंडूवर वाकलेला असायचो आणि तो माझ्या पाठीमागे उभा. तो पुकारा करायचा, ठरलेल्या हाकेला मी चेंडू दोन पायांमधून त्याच्या हातात द्यायचो, आणि लगेच समोरचा कोणीतरी दांडगा पोरगा माझ्या अंगावर येऊन आदळायचा. पुढे व्हेसने काय केलं ते मला लोकांच्या आरडाओरड्यावरून कळायचं. त्याचे लांब फेकलेले चेंडू, ज्यांच्याबद्दल न्हाव्याच्या दुकानात म्हातारी मंडळी अजून बोलतात, त्यांतला एकही मी धड पाहिलेला नाही. मला माहीत होते ते त्याचे हात आणि त्याचा आवाज. हात नेहमी कोरडे असायचे, ऑगस्टच्या उकाड्यातसुद्धा.

तो गेल्यावर त्याची मुलगी रेनेटा माझ्याकडे आली. म्हणाली, "अंकल ओथा, चर्चच्या पुस्तिकेसाठी डॅडींबद्दल तुम्हीच लिहा."

मी म्हटलं, "बाळ, मी कागद गिरणीत आयुष्य काढलं, पण कागदावर कधी काही लिहिलं नाही."

"मग कागद तरी तुमच्या ओळखीचा आहे," ती म्हणाली. बोलण्यात ती आईवर गेली आहे. व्हेसला एवढं उत्तर द्यायला आठवडा लागला असता.

तर जे मला माहीत आहे तेवढंच लिहितो.

एकोणीसशे सत्तर साली, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा नकोत असं कोर्टाने सांगितलं म्हणून आमची हिल स्ट्रीटची शाळा बंद झाली आणि आम्हा काळ्या मुलांना टिम्स क्रॉसिंगच्या मोठ्या शाळेत पाठवलं गेलं. तिथे आतापर्यंत फक्त गोरी मुलं होती. आमच्या शाळेचे बाक, नकाशे, जिंकलेले चषक, सगळं कुठे गेलं ते कोणी सांगितलं नाही. माणसं मात्र इकडे आली. त्यांत आमचे कोच एझेल डुप्री होते.

हिल स्ट्रीटमध्ये कोच डुप्री म्हणजे सर्वेसर्वा होते. बीजगणित तेच शिकवायचे, संघही तेच चालवायचे, आणि कोणाच्या घरी चूल पेटली नसेल तर तेही त्यांना बरोबर कळायचं. नव्या शाळेत त्यांना गाडी चालवायला शिकवण्याचा वर्ग दिला. फुटबॉलमध्ये ते दुय्यम कोच झाले. मुख्य कोच रॅन्स्डेल त्यांच्यापेक्षा वयाने बराच लहान, पण त्यांना सरळ "एझेल" म्हणायचा. सामना झाल्यावर घामट कपडे धुवून वाळत घालणं हेही एझेलकडेच आलं. कोच डुप्री ते टाय लावून करायचे. ऑगस्टमध्ये, कॉलर कडक, दोरीवर पँट टांगताना तोंडात चिमटा. आम्हा पोरांना ते बघून मान खाली घालावीशी वाटायची. ते म्हणायचे, "काय बघताय? कपडे आहेत, वाळतील. पळा, दोन चकरा."

तेव्हा क्वार्टरबॅकची जागा गोऱ्यांची होती. काळ्या पोराने धावावं, झेलावं, अंगावर घ्यावं. डोकं चालवून सगळ्या संघाला हुकूम देण्याची जागा त्याची नव्हे. हे कोणी तोंडाने बोलत नसे, बोलायची गरजच नव्हती. आमच्या जिल्ह्यात, शेजारच्या जिल्ह्यांत, काळी-गोरी पोरं मिसळलेल्या एकाही संघात क्वार्टरबॅक काळा नव्हता.

कोच डुप्रींनी व्हेसला सरावात तिथे उभं केलं आणि ते बाजूला झाले. त्याची तारीफ केली नाही. हिल स्ट्रीटमध्येही त्यांनी कधी त्याची तारीफ केली नव्हती. ते फक्त प्रश्न विचारायचे. डाव थांबवून मध्येच म्हणायचे, "टॉलिव्हर, मान न वळवता सांग, डावीकडचा शेवटचा पोरगा कुठे आहे?"

"दोन पावलं आत आलाय, कोच. त्याची बुटाची नाडी सुटलीय."

"आणि ओथा काय विचार करतोय?"

"जेवणाचा, कोच."

ते खरं असायचं.

कोच रॅन्स्डेल वाईट माणूस नव्हता. त्याला जिंकायचं होतं. त्याच्याकडे डॅनी केल्सो नावाचा क्वार्टरबॅक होता, जनावरांच्या खाद्याच्या दुकानवाल्याचा मुलगा. स्वभावाने चांगला, पण त्याचा चेंडू हवेत गेला की पक्षी दमून बसावा तसा मध्येच खाली यायचा. रॅन्स्डेलने व्हेसचे चार चेंडू पाहिले, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "बरं, बघू."

आणि मग अडचण आली ती अशी.

व्हेसचे वडील, डीकन टॉलिव्हर, पाद्र्याचे मदतनीस म्हणून आमच्या माउंट निबो चर्चमध्ये ओळ द्यायचे. म्हणजे गाण्याची एक ओळ ते एकटे म्हणणार, आणि मग सगळी मंडळी ती उचलून लांब लांब ओढत नेणार. पुस्तक नाही, पेटी नाही. डीकनची ओळ खाली उतरत उतरत एका जागी येते, तिथे सगळं चर्च एकदम श्वास घेतं आणि मग आवाज उठतो. ती जागा कोणी शिकवत नाही. आईच्या मांडीवर बसल्या बसल्या कळते.

व्हेस पुकारा करायचा तो तसाच. त्याला ते माहीतही नव्हतं. "सेट" म्हणायचा, मग आकडे म्हणायचा, आणि प्रत्येक आकडा वडिलांच्या ओळीसारखा एका जागी निघून दुसऱ्याच जागी पोचायचा. "दोनवर निघायचं" असं ठरलं, तर त्याचा "दोन" सुरू व्हायचा आणि संपायचा यांच्या मधे माणूस बूट बांधून घेईल. आम्ही हिल स्ट्रीटची पोरं आकडे मोजतच नव्हतो. आवाज त्या जागी आला की आमचा श्वास आत जायचा आणि अंग आपोआप सुटायचं. माझ्या डावीकडची रांग आमची होती. उजवीकडचे तिघे गोरे. ते बिचारे प्रामाणिकपणे मोजायचे. "दोन" सुरू झाला की तिघेही सुटायचे, आणि आम्ही डावीकडचे अजून श्वास घेत असायचो.

चेंडू निघायच्या आधी कोणी हललं की संघ पाच यार्ड मागे. पहिल्या सामन्यात आम्ही इतके मागे गेलो की माझ्या उजवीकडचा गॅरेट हफ, डुकरं पाळणाऱ्यांचा मुलगा, मला म्हणाला, "अजून थोडं मागे गेलो की आमचं घर लागेल."

दुसऱ्या सामन्यातही तेच. खाद्याच्या दुकानासमोर बसणाऱ्या मंडळींना मुद्दा मिळाला. आता रंगाचा प्रश्नच नव्हता. ते म्हणायचे, पोरगा गुणी आहे हो, पण त्याचं बोलणंच आपल्या पोरांना कळत नाही. त्याला कडेला बाहेर धावू द्या, चेंडू झेलू द्या. त्याच्या भल्याचंच आहे.

सोमवारी सरावानंतर रॅन्स्डेलने कोच डुप्रींना हाक मारली. आम्ही जवळच बसलो होतो, आणि तो काही हळू बोलणारा माणूस नव्हता.

"एझेल, तुझा हा पोरगा खेळतोय की प्रार्थना म्हणतोय?"

"पुकारा करतोय, कोच."

"शुक्रवारी मेरिटच्या शाळेशी सामना आहे. पुन्हा रांग अशी फुटली तर डॅनी आत येईल आणि टॉलिव्हर बाहेर धावायला जाईल. कायमचा. मला वरून फोन येतायत. तुला काय, तुला कोणी फोन करत नाही."

"मला बुधवारची संध्याकाळ द्या," कोच डुप्री म्हणाले.

"कशाला?"

"रांगेला प्रार्थनेला नेतो."

रॅन्स्डेल हसला. त्याला वाटलं हे चिडून बोलतायत.

रॅन्स्डेल गेल्यावर व्हेस उठून कोचकडे आला. एवढं सलग बोलताना मी त्याला तोपर्यंत ऐकलं नव्हतं. "कोच, मी त्यांच्यासारखा पुकारा करून बघतो. तुटक. नाहीतर बाहेर धावतो. धावायला मला आवडतं. काय फरक पडतो?"

कोच डुप्री दोरीवरचे कपडे काढत होते. त्यांनी एक सदरा नीट घडी घातला. "फरक पडत नसता, तर एवढी माणसं कामधंदा सोडून फोन करत बसली असती का?"

व्हेसने दोरीवरून पुढचा सदरा काढून त्यांच्या हातात दिला.

"तुटक करून बघ," ते म्हणाले. "आत्ता. ओथा, वाक."

मी वाकलो. व्हेसने तुटक पुकारा केला, डॅनीसारखा. आवाज कसा होता सांगू? आपल्या ओळखीच्या माणसाने फोनवर सरकारी कचेरीशी बोलावं तसा. माझ्या हातून चेंडू निसटला.

"बघितलंस?" कोच म्हणाले. "तुझाच माणूस तुला ओळखेना. तू आहेस तसा उभा राहा. कान लावायचं काम त्यांचं आहे."

बुधवारी संध्याकाळी उजवीकडचे तिघे माउंट निबोला आले. गॅरेटचे केस पाण्याने चपटे बसवलेले होते. दुसरा त्याच्यामागे लपत होता. तिसऱ्याला बापाने सक्त मनाई केली होती. त्याला त्याची आई घेऊन आली, आणि स्वतः गाडीत काच वर करून बसून राहिली. सिस्टर मोझेलने ते पाहिलं. चर्चमधल्या सगळ्याच बायकांना आम्ही सिस्टर म्हणतो. सिस्टर मोझेल आमच्या चर्चच्या दाराशी उभी राहायची, पांढरे हातमोजे घालून, आणि तिच्या परवानगीशिवाय माशीही आत येत नसे. ती गाडीपाशी गेली आणि काच वाजवली.

"मॅडम, आत पंखा आहे."

"मी इथेच बरी आहे."

"इथे डास आहेत. आत पंखा आहे," सिस्टर मोझेल पुन्हा म्हणाली, आणि दार उघडून उभीच राहिली. बाई आली.

कोच डुप्रींनी तिघांना मध्यभागी बसवलं. व्हेस त्यांच्या मागच्या बाकावर, माझ्या शेजारी. तो आपल्या बुटांकडे असा बघत होता की जणू ते आजच घेतलेत. वडिलांसमोर, आईसमोर, सगळ्या मंडळींसमोर त्याच्यामुळे ही गोरी पोरं इथे आणून बसवली होती. त्याच्या मानेवर घाम आला होता. हात मात्र कोरडेच.

डीकन टॉलिव्हर उभे राहिले. किडकिडीत माणूस, आठवडाभर रेल्वेच्या रुळांवर काम केलेला. त्यांनी ओळ दिली. ओळ खाली येऊ लागली, अजून अर्ध्यात होती, आणि सगळ्या चर्चमध्ये एकट्या गॅरेट हफचा आवाज उठला. डुकरांना हाक मारायची सवय असलेला आवाज.

तो थांबला. कान लाल.

सिस्टर मोझेल दारातून म्हणाली, "राजा, डीकनचं अजून म्हणून व्हायचंय. देव कुठे जात नाही, दम धर."

म्हाताऱ्या बायका हातपंख्यांआड हसल्या. गाडीतून आणलेली ती बाईसुद्धा हसली आणि मग घाबरून इकडेतिकडे बघू लागली. डीकन हसले नाहीत. त्यांनी तीच ओळ पहिल्यापासून पुन्हा दिली.

गॅरेट वळून कोच डुप्रींना हळूच म्हणाला, "कोच, किती मोजायचं?"

"मोजू नकोस. ऐक."

"पण संपलं हे कळायचं कसं?"

कोचनी दाराकडे पाहिलं. बीजगणितात त्याला उत्तर नव्हतं बहुतेक. सिस्टर मोझेल दारातून आली, गॅरेटच्या पुढच्या बाकावर बसली आणि मागे न बघता म्हणाली, "माझ्या पाठीकडे बघ. ही पाठ फुगली की तूही श्वास घे."

सिस्टर मोझेलची पाठ दिसणार नाही अशी नव्हतीच. पुढची ओळ आली, उतरली, जागेवर पोचली, पाठ फुगली, आणि तिघेही आमच्याबरोबर उठले. सुरात नव्हते. पण बरोबर होते. मी व्हेसकडे पाहिलं. त्याने डोकं वर केलं होतं.

प्रार्थनेनंतर केक होता. गॅरेटने तीन तुकडे खाल्ले आणि पुढे बरेच बुधवार तो येत राहिला. गाण्यासाठी की केकसाठी ते मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी मेरिटचे सामन्याला आले ते आपली सगळी वस्ती घेऊन. आमचीही सगळी मंडळी आली होती. पूर्वी ती थोडीफार यायची आणि मैदानाच्या टोकाला, गोलरेषेजवळच्या लाकडी बाकांवर बसायची. त्या दिवशी मात्र माउंट निबोमध्ये बहुधा दिवा लावायलाही कोणी मागे राहिलं नव्हतं. डीकन टॉलिव्हर पहिल्या रांगेत, टोपी घालून.

रांग फुटली नाही. व्हेसने आकडा ओढला, उजवीकडचे तिघे थांबले, आणि आम्ही सगळे एकदम सुटलो. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की सहा-सात माणसांचं एक अंग होतं म्हणजे काय. मेरिट थोडे पुढे होते, पण शेवटाला चेंडू आमच्याकडे होता आणि आम्ही त्यांच्या गोलरेषेशी पोचलो. त्याच टोकाला, जिथे आमची मंडळी बसली होती. वेळ फार उरला नव्हता.

व्हेस उभा राहिला. मी वाकलो. त्याने पुकारा सुरू केला. गडबड नव्हती त्यात, उलट आवाज नेहमीपेक्षा खोल गेला. आकडा निघाला, खाली उतरला, त्या जागेवर येऊ लागला.

आणि बाकांवरून सगळ्या माउंट निबोने तो उचलला.

मुद्दाम नव्हे. त्यांना ओळ ऐकू आली, त्यांनी उचलली. जन्मभर तेच करत आलेली माणसं. तो आवाज उठला तसे आम्ही डावीकडचे सगळे सुटलो, ठरलेली हाक अजून यायची होती तरी. मी धरून सगळे. चेंडू माझ्या हातात तसाच, आणि मी समोरच्या पोराच्या छातीवर. उजवीकडचे तिघे जागच्या जागी, दगडासारखे. ते फक्त व्हेसला ऐकत होते.

शिट्टी. पाच यार्ड मागे.

गॅरेट माझ्याकडे बघून म्हणाला, "दम धर, राजा. देव कुठे जात नाही."

मला हसायला येत होतं आणि रडायलाही. कारण रांग फुटली होती, आणि रॅन्स्डेल काय बोलला होता ते मी विसरलो नव्हतो. त्याने टोपी जमिनीवर आपटली होती. डॅनी केल्सो शिरस्त्राण घालून उभा राहिला होता. रॅन्स्डेल हात वर करणार, तेवढ्यात कोच डुप्री त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. हे मी मैदानातून पाहिलं. बोलणं नंतर डॅनीने आम्हाला सांगितलं, तो अगदी बाजूला होता.

"एझेल, बाजूला हो, मला दिसत नाही."

"दिसण्यासारखं काही झालं की होतो."

"मी सांगितलं होतं पुन्हा फुटली तर..."

"ते फोन करणारे म्हणतात, आपल्या पोरांना त्याचं कळत नाही. तुमची पोरं हलली नाहीत, कोच. माझी हलली. मला शिक्षा करा. धुवायचे कपडे वाढवा."

ते सरकले नाहीत. टाय, कडक कॉलर, हात मागे बांधलेले. रॅन्स्डेलला धक्का देऊन त्यांना बाजूला करता आलं असतं, माणूस मोठा होता. त्याने तसं केलं नाही. का केलं नाही, ते तोच जाणे. आता तोही नाही.

इकडे व्हेस आमच्याकडे पाठ करून बाकांकडे वळला होता. त्याने हात वर केला आणि तळवा हळूच खाली आणला. त्याचे वडील गाणं संपवताना करायचे तसा, तोच हात. बाकं गप्प झाली. लहान पोरंसुद्धा. डीकन टॉलिव्हरनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मी त्यांना चर्चबाहेर टोपी काढताना तेव्हाच पाहिलं.

मग व्हेस आमच्या मागे आला. मी वाकलो. मागून तो म्हणाला, फक्त मला ऐकू येईल असं, "ओथा, फक्त मी."

"हो," मी म्हटलं.

त्याने पुकारा केला. आकडा निघाला, उतरला, त्या जागेवर आला. कोणी उचलला नाही. कधी नव्हे ती शांतता पडली, आणि त्या शांततेत मेरिटची पोरं, मघाशी तो आवाज ऐकून बिथरलेली, आता येईल मग येईल म्हणून तोल सांभाळत असलेली, त्यांतले दोघे आमच्या अंगावर येऊन पडले. चेंडू अजून माझ्याच हातात होता.

शिट्टी. या वेळी चूक त्यांची, आमचे गेलेले पाच यार्ड आम्हाला परत मिळाले.

पुढच्या डावात व्हेसने चेंडू फेकला नाही. माझ्याकडून घेतला, पोटाशी धरला आणि गॅरेटच्या पाठीमागून गोलरेषेच्या आत घुसला, आणि सामना आमचा झाला. हे तेवढं मी पाहिलं, कारण तो माझ्याच अंगावर पडला. माझ्या कानाशी त्याचं तोंड होतं. तो हसत होता. दात दिसत होते.

कोणी कोणाची माफी मागितली नाही. रॅन्स्डेलने डॅनीचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि पुढच्या सामन्याआधी कोच डुप्रींना म्हणाला, "कोच, टॉलिव्हरला सांग, वारा उलटा आहे." म्हणाला आणि स्वतःच दचकला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एझेल. खाद्याच्या दुकानासमोरची मंडळी हवामानाबद्दल बोलू लागली.

शाळेची उरलेली दोन्ही वर्षं व्हेस क्वार्टरबॅक राहिला. मग त्याला आपल्या संघात न्यायला कॉलेजांची माणसं यायला लागली. चकचकीत बूट, हसरे चेहरे. डीकनच्या घरात बसायची, पाय पसरून सरबत प्यायची. कोच डुप्री कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळ्यांना एकच विचारायचे, "हा कुठे उभा राहील?"

"अहो, असे हात, असे पाय! आम्ही त्याला बचावाच्या मागच्या फळीत..."

कोच उठून दार उघडायचे. "येताना त्रास झाला असेल. जाताना डावीकडून जा, रस्ता बरा आहे."

नामांकित कॉलेजं होती ती. व्हेसची आई दारात उभी राहून जाणारी गाडी बघत राहायची. ती एकदा म्हणाली, "एझेल, तू माझ्या मुलाचं नशीब दाराबाहेर घालवतोयस." कोचनी मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. शेवटी उत्तरेकडच्या एका लहान कॉलेजचा माणूस आला. त्याची गाडी आमच्या चिखलात रुतली होती, पँट गुडघ्यापर्यंत मळलेली. कोचनी विचारलं, "हा कुठे उभा राहील?"

"सेंटरच्या मागे," तो म्हणाला. "नाहीतर एवढ्या लांब कशाला आलो असतो?"

व्हेस तिकडे गेला. चार वर्षं खेळला. मोठ्या व्यावसायिक संघांनी एकदा बोलावलं, पण तेही चेंडू झेलायला. तो घरी आला. कागद गिरणीत माझ्याच पाळीत लागला, लूरीनशी लग्न केलं, आणि वडिलांनंतर माउंट निबोमध्ये ओळ द्यायला तो उभा राहू लागला. त्याला तिकडे कसं वाटलं, परत यायचं ठरवताना मनात काय होतं, हे त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही एकत्र डबा खायचो. तो सार्डिन मासे आणि बिस्किटं खायचा, मी लूरीनने जास्त दिलेलं खायचो.

कोच डुप्रींना मुख्य कोचपद पुन्हा कधी मिळालं नाही. निवृत्त होईपर्यंत ते पोरांना गाडी शिकवत राहिले. पुढे डोळे गेल्यावर दर बुधवारी व्हेस त्यांना गाडीतून चर्चला आणायचा. कोच शेजारी बसून, जिथे ब्रेक नव्हता तिथे पाय दाबत राहायचे. "टॉलिव्हर, समोर थांबायची पाटी आहे."

"ती मागच्या वर्षी काढली, कोच."

"काढू देत. तू थांब."

आणि व्हेस थांबायचा. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी भोंगा वाजवला तरी. मी मागच्या सीटवर असायचो. कोच गेले तेव्हा त्यांच्यासाठी ओळ व्हेसने दिली. मंडळींनी उचलायच्या जागेच्या जरा अलीकडेच तो थांबला. मग दुसऱ्या रांगेतून एका जाड गोऱ्या म्हाताऱ्याने ती उचलली. गॅरेट हफ. बरोबर जागेवर.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी व्हेसकडे गेलो होतो. तो आजारी होता, पण तेवढा आजारी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यानेच सांगू दिलं नसेल. टीव्हीवर सामना चालला होता. दोन मोठे संघ. तो खुर्चीत, पायावर गोधडी. आम्ही सामना बघत बसलो. मग तो म्हणाला,

"काहीच बोलला नाही तो."

"कोण?"

"हा बोलणारा, टीव्हीवरचा. दोन्हीकडचे क्वार्टरबॅक आपल्यासारखे काळे आहेत. वाऱ्याबद्दल बोलला, गुडघ्याबद्दल बोलला, मोटारीची जाहिरात केली. त्याबद्दल एक शब्द नाही."

मी टीव्हीकडे पाहिलं. खरंच, माझ्याही तोवर लक्षात आलं नव्हतं.

"त्याच्या ध्यानातच आलं नसेल," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. आणि हसला. मी त्याला असा हसताना क्वचितच पाहिलं होतं, कारण बहुतेक वेळ माझी त्याच्याकडे पाठच असायची.

सामना संपायच्या आत मी निघालो. लूरीनने स्वयंपाकघरातून भेंडीच्या लोणच्याची बरणी आणून माझ्या हातात दिली.

"एक कशाला, दोन दे त्याला," व्हेस खुर्चीतून म्हणाला.

"नको रे, डॉक्टरने मीठ बंद केलंय."

"मग धुऊन खा."

"धुतल्यावर काय उरणार त्यात?"

"भेंडी उरेल. दार नीट लाव जाताना, वारा येतो."

"लावतो," मी म्हटलं.